कमरेला रिव्हॉल्व्हर बाळगताना त्रास होतो: पट्टा आणि होल्स्टर कसे निवडावेत?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. तासगाव परिसरात माझा पेट्रोल पंप आहे. पंपावरची रोकड बँकेत भरायला मी स्वतः जातो आणि रात्री उशिरा हिशेब उरकून घरी परततानाचा सात-आठ किलोमीटरचा रस्ता बराचसा निर्मनुष्य असतो. स्वसंरक्षणासाठीचा परवाना मला दोन वर्षांपूर्वी मिळाला. माझ्याकडे आयुध निर्माणीचे .32 बोअरचे, तीन इंच नळीचे, सहा काडतुसांचे रिव्हॉल्व्हर आहे. परवान्यासाठी आवश्यक असलेले सुरक्षा प्रशिक्षण मी पूर्ण केले आहे. तेथे शस्त्र हाताळणे, भरणे, रिकामे करणे आणि नेम धरणे नीट शिकवले गेले, परंतु ते दिवसाचे दहा-बारा तास अंगावर कसे वागवायचे, याविषयी कोणीच काही सांगितले नाही.

माझी अडचण अशी आहे. शस्त्र विकत घेतले त्याच दुकानातून मी रेक्झिनचे एक मऊ पाऊच घेतले आणि ते रोजच्या पँटच्या पट्ट्यात अडकवू लागलो. हा पट्टा सव्वा इंच रुंदीचा, कार्यालयात वापरतात तसा साधा आहे. तासाभरातच पाऊच बाहेरच्या बाजूला कलंडते, रिव्हॉल्व्हरची मूठ कोपराला लागते, पँट उजवीकडे खाली घसरते आणि ती सावरण्यासाठी पट्टा आणखी एक भोक घट्ट केला की पोटाला काच पडतो. गाडीत बसल्यावर मूठ बरगडीत रुतते. संध्याकाळपर्यंत कमरेचा उजवा भाग दुखून येतो. माझे वय 46 असून पोट थोडे सुटलेले आहे, हेही येथे सांगितले पाहिजे.

प्रश्न केवळ दुखण्याचा असता तर मी इतके लिहिले नसते. मागील महिन्यात या त्रासाला कंटाळून मी रिव्हॉल्व्हर पाऊचसह गाडीच्या डॅशबोर्डमधील कप्प्यात ठेवले, बँकेत गेलो आणि परत येताना वाटेत एका ओळखीच्या माणसाला गाडीत घेतले. त्याने पाण्याची बाटली ठेवण्यासाठी तो कप्पा उघडला. काही अघटित घडले नाही, पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. अंगावर वागवता येत नाही म्हणून शस्त्र नजरेआड ठेवायचे असेल, तर ते बाळगण्याचा अधिकारच मला नाही, असे त्या रात्री मला प्रामाणिकपणे वाटले. म्हणून अनुभवी मंडळींना विचारतो की, आपल्या हवामानात आणि आपल्या कपड्यांत दिवसभर सुसह्य होईल अशी पट्ट्याची आणि होल्स्टरची (म्हणजे शस्त्र ठेवायच्या म्यानाची) रचना कोणती?

निवृत्त_फौजदार

आपण कप्प्याचा प्रसंग लपवला नाही, याबद्दल आधी आपले अभिनंदन करतो. पोलीस सेवेतील 33 वर्षांत मी प्रथम .38 रिव्हॉल्व्हर आणि पुढे 9 मिलिमीटर पिस्तूल कमरेला वागवले. त्या अनुभवावरून सांगतो की आपला दोष होल्स्टरमध्ये आहे त्याच्या दुप्पट पट्ट्यामध्ये आहे.

आपले रिव्हॉल्व्हर भरलेल्या स्थितीत पाऊण किलोच्या आसपास असते. हे वजन फार नाही, परंतु ते एकाच ठिकाणी लोंबते. मऊ पट्टा त्या जागी पिळला जातो, पट्टा पिळला की होल्स्टरचे वरचे टोक शरीरापासून सुटते, ते सुटले की मूठ बाहेर झुकते आणि मग तेच पाऊण किलो दीड किलोसारखे भासू लागते. पोलीस अधिकाऱ्यांच्या जुन्या गणवेशात रुंद चामडी पट्ट्याबरोबर खांद्यावरून तिरपा जाणारा क्रॉस बेल्ट असे, तो कमरेवरचा भार खांद्यावर घेण्यासाठीच होता. या पट्ट्याला ज्यांचे नाव आहे त्या सॅम ब्राउन या इंग्रज अधिकाऱ्याने 1858 मध्ये येथील लढाईत डावा हात गमावला होता आणि एका हाताने तलवार उपसताना म्यान हलू नये म्हणून त्यांनी ही रचना केली, असे आम्हाला प्रशिक्षणात सांगितले गेले होते. साध्या कपड्यांत आपल्याला क्रॉस बेल्ट घालता येणार नाही, म्हणून कमरेच्या पट्ट्यानेच ते सारे काम केले पाहिजे. दीड इंच म्हणजे 38 मिलिमीटर रुंदीचा, दुहेरी चामड्याचा, शिवलेला पट्टा घ्या. त्याची परीक्षा सोपी आहे. पट्टा आडवा, म्हणजे कडेवर उभा धरून एका टोकाला पकडा. वीतभर अंतरापर्यंत तो खाली न मोडता उभा राहिला पाहिजे आणि दोन हातांत धरून पिळला असता त्याने विरोध केला पाहिजे.

होल्स्टरची पट्टा ओवायची फट पट्ट्याच्या रुंदीइतकीच हवी. सव्वा इंची पट्टा दोन इंची फटीत ओवला तर पट्टा कितीही चांगला असला तरी होल्स्टर हलणारच. बहुतेक लोकांची चूक येथे होते.

आता कायद्याविषयी. शस्त्र नियम 2016 प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हाताने चालवायचे छोटे शस्त्र अंगाला जोडलेल्या होल्स्टरमध्ये किंवा त्यासारख्या साधनात असले पाहिजे, ते पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे आणि त्यावर बाळगणाऱ्याचे प्रत्यक्ष नियंत्रण असले पाहिजे. म्हणजे आपण ज्याला केवळ सोय समजत आहात, ती कायद्याचीही अपेक्षा आहे. डॅशबोर्डचा कप्पा या तिन्ही कसोट्यांना उतरत नाही. परवान्याच्या अटींमध्ये जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक मेळावा आणि शैक्षणिक संस्थेचे आवार येथे शस्त्र नेण्यास मनाई असते, हेही ध्यानात ठेवावे. गणपतीच्या मिरवणुकीला किंवा मुलाच्या शाळेतील कार्यक्रमाला जाताना कितीही उत्तम होल्स्टर असले तरी शस्त्र घरच्या कुलूपबंद तिजोरीतच राहिले पाहिजे.

शेवटचा मुद्दा असा की, पाऊचला झाकण किंवा अंगठ्याने उघडणारी पट्टी आणि टिचबटण असावे. मी तर आजही पूर्ण झाकणाच्या होल्स्टरच्या बाजूचा आहे. झटापटीत शस्त्र हिसकावले जाणे हा सामान्य नागरिकाला असलेला सर्वांत मोठा धोका आहे.

विदर्भवासी

मी काही दिवस खांद्यावरचे होल्स्टर वापरून पाहिले. काखेखाली शस्त्र आणि दुसऱ्या बाजूला तोल साधणारा पट्टा, अशी ती रचना असते. कंबर अगदी मोकळी राहते आणि गाडीत बसताना फार बरे वाटते. मात्र त्यावर कोट किंवा जाकीट हवेच. डिसेंबर-जानेवारीत नागपुरात ते जमले, मार्चपासून अशक्य झाले. प्रश्नकर्त्यांना वर्षभराचा उपाय हवा असल्याने मी याची शिफारस करणार नाही.

चर्मशिल्पी

मी कोल्हापूरचा. आमच्या घरात तीन पिढ्या चामड्याचे काम चालते. मूळ काम चपलांचे असले तरी गेली बारा वर्षे मी पट्टे, घोड्याचा साज आणि परवानाधारकांसाठी होल्स्टर करतो. आपल्याला उपयोगी पडेल असे तपशीलवार लिहितो.

आधी चामडे. बाजारात पट्टा म्हणून जे मिळते त्यातील बरेचसे चामड्याचा भुसा गोंदात दाबून केलेले असते आणि वर गुळगुळीत थर चढवलेला असतो. ते वर्षभरात तडकते आणि भोकांपाशी फाटते. शस्त्रासाठी बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले, म्हणजे ज्यावर आमची कोल्हापुरी चप्पल उभी आहे त्याच जातीचे, घट्ट म्हशीचे चामडे घ्यावे. क्रोम पद्धतीने कमावलेले चामडे मऊ, लवचिक आणि जाकिटासाठी उत्तम असते, पण त्याला दिलेला आकार टिकत नाही आणि त्यातील क्षार दीर्घकाळ लोखंडाला लागून राहिले तर पृष्ठभागाला डाग पडतात. पट्ट्यासाठी साधारण तीन मिलिमीटर जाडीचे दोन थर उलट्या बाजू एकमेकींना लावून चिकटवावेत आणि कडेने शिवावेत. शिवण दोन सुयांची असावी, म्हणजे एक टाका तुटला तरी पुढची ओळ उसवत नाही. मेण लावलेला दोरा, आरीने पाडलेली एकसारखी भोके आणि रापीने तासून मेणाने घासलेली कड, एवढे पाहिले की कारागीर ओळखता येतो.

पट्ट्याची लांबी पँटच्या मापावरून सांगू नका. होल्स्टर लावून, रोजची पँट घालून, पोट सैल सोडून टेपने कंबर मोजा. बक्कल ज्या घडीत बसते तेथपासून या मापावर आपले नेहमीचे, मधले भोक यावे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन भोके असावीत. ही भोके एक इंच अंतराने न पाडता अर्ध्या इंचाने पाडून घ्या. सकाळचे पोट आणि जेवणानंतरचे पोट यांत अर्ध्या इंचाचाच फरक असतो. एका भोकाने फार सैल आणि दुसऱ्याने फार घट्ट, ही तक्रार माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी सात जणांची असते आणि तिचे कारण एवढेच असते.

आता होल्स्टर. आपले रिव्हॉल्व्हर वेब्ली पद्धतीचे, वरून मोडून उघडणारे आहे. त्याची उघडण्याची खटकी डाव्या बाजूला असते. उजव्या कमरेला लावल्यावर ही डावी बाजू आपल्या अंगाकडे येते, त्यामुळे खटकी अंगात रुतते आणि घाम नेमका तिच्या फटीत शिरतो. म्हणून मी अंगाकडच्या बाजूचे चामडे मुठीच्या उंचीपर्यंत वर घेतो. शरीर आणि शस्त्र यांच्यामध्ये चामड्याची ही जीभ आली की रुतणेही थांबते आणि गंजणेही कमी होते. आपल्या रेक्झिनच्या पाऊचमध्ये ती नसणार, आणि बरगडीचे दुखणे बहुधा त्यातूनच आलेले असणार. होल्स्टरचे चामडे तीन ते साडेतीन मिलिमीटर जाड असावे, चापाचा भाग पूर्ण झाकलेला असावा आणि तोंड इतके ताठ असावे की शस्त्र बाहेर काढल्यावरही ते मिटू नये. तोंड मिटणाऱ्या मऊ पाऊचमध्ये शस्त्र परत घालताना दुसऱ्या हाताची बोटे नळीपुढे येतात. ते धोक्याचे आहे, आणि केवळ एवढ्या कारणासाठीही आपण ते पाऊच आजच बाजूला ठेवावे.

होल्स्टरला मागच्या बाजूला पंखासारखा एक तुकडा जोडून त्यात दुसरी फट घेतात. दोन फटींतून पट्टा ओढला गेला की होल्स्टर कमरेच्या गोलाईवर चिकटून बसते, वजन दोन ठिकाणी विभागले जाते आणि मूठ आत ओढली जाते. सुटलेल्या पोटाच्या माणसाला मी नेहमी हीच घडण सुचवतो. नळी किंचित मागे आणि मूठ किंचित पुढे, अशी साधारण पंधरा अंशांची कलती बैठक ठेवली तर शर्टाखाली मुठीचा उंचवटाही दिसत नाही.

एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. होल्स्टरला आकार देताना चामडे पाण्यात भिजवून शस्त्राभोवती दाबावे लागते. त्यासाठी आपले रिव्हॉल्व्हर कारागिराकडे ठेवू नका. माझ्याकडे लोक निःशंकपणे शस्त्र टेबलावर ठेवून चहा प्यायला जातात, मी त्यांना हाक मारून परत बोलावतो. ज्याच्याजवळ परवाना नाही त्याच्या ताब्यात शस्त्र देणे हा आपल्या दोघांचाही गुन्हा ठरू शकतो. शस्त्र पूर्ण रिकामे करून जाड कागदावर दोन्ही बाजूंनी त्याची बाह्यरेषा काढा, सिलिंडरची (काडतुसे बसतात त्या फिरत्या भागाची), नळीची आणि मुठीची जाडी कॅलिपरने मोजा आणि त्यावरून सुताराकडून शिसवी किंवा सागवानी नमुना करून घ्या. त्या लाकडी नमुन्यावर होल्स्टर तयार करता येते. नळीच्या टोकावरचे नेम धरण्याचे उंच पाते नमुन्यात विसरले जाते आणि मग शस्त्र काढताना ते चामडे ओरबाडते, तेवढे जपावे.

ह्यूस्टनकर

मी मूळचा मिरजेचा, गेली सतरा वर्षे टेक्सासमध्ये आहे. येथील कायदा अगदी वेगळा आहे. 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येते आणि होल्स्टरमध्ये असेल तर ते उघडे दिसले तरी चालते, त्यामुळे कायद्याच्या बाबतीत माझे काहीही प्रमाण मानू नये. पण ह्यूस्टनची हवा मुंबईच्या भावंडासारखी आहे. जून ते सप्टेंबर घामाने शर्ट पाठीला चिकटलेला असतो. या हवेत मी रोज एक छोटे पिस्तूल झाकून बाळगतो, म्हणून शरीराच्या अनुभवाविषयी लिहितो.

येथे बहुतेक जण होल्स्टर पँटच्या आत घालतात. कायडेक्स नावाचे कडक प्लॅस्टिक तापवून शस्त्राच्या आकाराचे केलेले असते, ते घाम शोषत नाही आणि धुताही येते. शर्टाखाली ते दिसत नाही हा मोठा फायदा. पण त्यासाठी पँट कमरेला दीड-दोन इंच सैल शिवावी लागते आणि अंगाला लागणारी कड गोल केलेली नसेल तर कातडी सोलवटते. आत नेहमी बनियन खोचून घ्यावा लागतो. चपट्या पिस्तुलाला ही पद्धत शोभते. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर हा त्याचा सर्वांत जाड भाग नेमका पट्ट्याच्या रेषेत येतो, त्यामुळे आपल्यासारख्या बांध्याला ती मानवेल असे मला वाटत नाही. पोटापुढे, बेंबीच्या उजवीकडे शस्त्र ठेवण्याची पद्धतही येथे लोकप्रिय आहे, परंतु पोट असलेल्या माणसाला खाली बसताना मूठ वर ढकलली जाते आणि नळी मांडीच्या सांध्याकडे रोखलेली राहते. मला ती कधीच रुचली नाही.

जागा ठरवताना कमरेचे घड्याळ मनात धरा. बेंबी म्हणजे बारा, उजवा कूस म्हणजे तीन, पाठीचा कणा म्हणजे सहा. उजव्या हाताच्या माणसाला तीन ते चार या दरम्यानची जागा उत्तम. नेमक्या तीनवर हाडाचा उंचवटा असतो, त्याच्या मागच्या खोलगट जागी म्हणजे साडेतीनच्या आसपास शस्त्र छान विसावते. सहावर, म्हणजे कण्यावर, कधीही ठेवू नये. घसरून पाठीवर पडलात तर लोखंड मणक्यावर आदळेल.

गाडीविषयी एक सूचना मुद्दाम करतो, कारण इंग्रजीतून मिळणारे सल्ले येथे दिशाभूल करतात. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो आणि सीटबेल्टची बक्कल त्याच्या उजव्या कमरेपाशी येते, म्हणून येथील लोक बक्कल होल्स्टरवर आदळण्याची तक्रार करतात. भारतात चालक उजवीकडे बसतो, बक्कल डाव्या कमरेपाशी येते आणि उजवीकडून येतो तो पट्ट्याचा खालचा भाग. हा भाग होल्स्टरवरून जाऊ दिला तर तो मुठीला आत दाबतो आणि बरगडीत रुतण्याचे ते आणखी एक कारण होते. बसल्यावर सीटबेल्टचा मांडीवरचा पट्टा होल्स्टरच्या पुढून आणि मुठीखालून, ओटीपोटाच्या खाली कमरेच्या हाडांवर सपाट येईल असा घ्या. त्याने अपघातात सीटबेल्टही त्याचे काम नीट करतो. सीट थोडी मागे कलती केलीत तर आणखी फरक पडेल.

फौजदार साहेबांच्या पूर्ण झाकणाच्या होल्स्टरशी मात्र मी आदरपूर्वक असहमत आहे. शर्टाखाली ते झाकण फुगते आणि वरून ओळखू येते. अंगठ्याने सुटणारी पट्टी पुरेशी आहे.

मणक्यांचा_डॉक्टर

मी छत्रपती संभाजीनगरात अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. शस्त्रांविषयी मला काही सांगायचे नाही, दुखण्याविषयी सांगायचे आहे.

पट्टा घट्ट आवळून भार पेलण्याची सवय असलेल्या काही व्यक्तींना मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा, मुंग्या किंवा जळजळ सुरू होते. कमरेच्या पुढच्या हाडाजवळून मांडीच्या कातडीकडे जाणारी एक शीर तेथे दाबली जाते. सुटलेले पोट आणि मधुमेह असेल तर ही शक्यता वाढते. प्रश्नकर्त्यांना असे काही जाणवत असल्यास त्यांनी घट्ट पट्टा लगेच सैल करावा आणि तपासणी करून घ्यावी. रुंद आणि ताठ पट्ट्याचा फायदा असा की तो कमी आवळूनही जागेवर राहतो. फौजदार साहेब आणि चर्मशिल्पी हेच वेगळ्या शब्दांत सांगत आहेत.

उजव्या बाजूला पाऊण किलो असताना शरीर नकळत डावीकडे झुकून तोल साधते. किल्ल्यांचा जुडगा आणि मोबाइल डाव्या खिशात ठेवावा. मागच्या खिशातील जाडजूड पाकीट मात्र कायमचे काढून टाकावे. त्यावर तासन्तास बसल्याने कंबर तिरकी राहते आणि दुखण्याचा दोष मग शस्त्राला दिला जातो. आणि नवीन रचना पहिल्याच दिवशी बारा तास घालू नका. घरात, शस्त्र पूर्ण रिकामे करून, आधी एक तास, मग दोन तास असे आठवडाभर करा. वाकणे, जिना चढणे, जमिनीवर मांडी घालून बसणे, हे सारे त्यातच करून पाहा. आपण जमिनीवर बसणारी माणसे आहोत. खुर्चीवर आरामदायी वाटणारी रचना सतरंजीवर बसल्यावर असह्य होऊ शकते.

निवृत्त_फौजदार

ह्यूस्टनकर यांचा झाकणाबद्दलचा मुद्दा मी मान्य करतो. माझा अनुभव गणवेशाचा आहे, तेथे होल्स्टर उघडे दिसते आणि दिसणेच अपेक्षित असते. नागरिकाने ते झाकायचे असते, हा फरक मी विचारात घेतला नव्हता. परंतु अंगठ्याच्या पट्टीचे बटण सैल झाले की त्याच दिवशी बदलून घ्यावे, एवढा आग्रह मी सोडणार नाही.

डॉक्टर साहेबांनी सांगितलेल्या सरावात आणखी एक भर घालतो. शस्त्र होल्स्टरमध्ये परत घालण्याचा सराव काढण्याच्या सरावापेक्षा अधिक करावा. परत घालण्याची घाई कधीही नसते. बोट चापापासून दूर, नळीच्या बाजूला सरळ ठेवून, डाव्या हाताने शर्ट वर धरून, होल्स्टरमध्ये शर्टाचे टोक किंवा पायजम्याची नाडी गेलेली नाही हे डोळ्यांनी पाहून मगच शस्त्र आत सोडावे. कापडाचा चुणा चापाभोवती अडकून गोळी सुटू शकते.

कृष्णाकाठ (नऊ आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण होल्स्टर तयार होऊन काही दिवस वापरल्याशिवाय लिहायचे नाही असे मी ठरवले होते.

कोल्हापुरी चामड्याचा दुहेरी पट्टा करून घेतला, रुंदी 38 मिलिमीटर, भोके अर्ध्या इंचाच्या अंतराने. पहिले चार दिवस तो लाकडासारखा वाटला, नंतर कमरेच्या गोलाईला बसला. जुन्या पँटच्या लूपमधून तो जात नव्हता, म्हणून गावातील शिंप्याकडून चार पँटचे लूप मोठे करून घेतले आणि उजवीकडे होल्स्टरच्या पुढे-मागे एकेक जादा लूप लावून घेतला. या दोन जादा लूपांमुळे होल्स्टर पुढे सरकणे जवळजवळ थांबले. हे कोणी सुचवले नव्हते, कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

सागवानी नमुना सुताराने दोन प्रयत्नांत केला. पहिल्या वेळी नळीवरचे पाते खरोखरच राहून गेले होते. होल्स्टर दोन फटींचे, मागे कलते, अंगाकडे चामड्याची जीभ असलेले, अंगठ्याच्या पट्टीचे केले. जागा तीनपासून सुरू करून हळूहळू मागे नेत साडेतीनच्या किंचित पुढे स्थिर झाली. बरगडीत रुतणे पूर्ण थांबले आहे. सीटबेल्ट मुठीखालून घेण्याची सवय लागायला पंधरा दिवस लागले, पण गाडीतील त्रासाचा निम्मा भाग तेवढ्यानेच गेला असावा. पांढऱ्या पातळ शर्टांतून काळ्या होल्स्टरची सावली दिसत होती, म्हणून आता गडद चौकड्यांचे, पट्ट्याखाली पाच-सहा इंच येणारे बुशशर्ट वापरतो. डॉक्टर साहेबांच्या सांगण्यावरून साखर तपासली, ती सीमेवर निघाली. औषध नाही, चालणे सुरू केले आहे.

दोन अडचणी शिल्लक आहेत. पहिली पावसाळ्याची. मागील आठवड्यात भिजून आल्यावर होल्स्टर दोन दिवस ओले राहिले आणि रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरवर तपकिरी ठिपके दिसले. ते तेलाच्या फडक्याने निघाले, तरी मनाला लागले. दुसरी मोटारसायकलची. पुढे झुकल्यावर शर्ट मागून वर सरकतो आणि मूठ उघडी पडते, म्हणून सध्या मोटारसायकलवर असताना मी शस्त्र नेतच नाही.

चर्मशिल्पी

ठिपक्यांचे कारण ओले चामडे. रात्री शस्त्र होल्स्टरमध्ये ठेवून तिजोरीत बंद करू नका. शस्त्र कोरडे पुसून, तेलाचा पातळ हात देऊन, कापडी पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह वेगळे ठेवा आणि होल्स्टरमध्ये तो सागवानी नमुना घालून सावलीत, पंख्याखाली वाळवा. नमुना आत असल्याने चामडे आकसणार नाही. चुलीजवळ किंवा उन्हात वाळवले तर ते तडकेल. पावसाळ्याचे चार महिने आतल्या बाजूला तेल लावू नका, चामडे मऊ पडून पकड जाते. बाहेरून मधमाशीच्या मेणाचा हात द्या. पाऊस संपल्यावर एकदा घेऊन या, म्हणजे होल्स्टर आणि नमुना एवढेच घेऊन या. बटणाची पकड मी तपासून देईन.

ह्यूस्टनकर

मोटारसायकलवर शस्त्र न नेण्याचा आपला निर्णय योग्य आहे असे मला वाटते. पुढे कधी न्यावेच लागले तर शर्टावर कमरेखाली येणारे, बाजूला चेन असलेले पातळ रायडिंग जाकीट घाला आणि खालची दोरी आवळून घ्या, म्हणजे मागचा भाग वर सरकत नाही. आधी रिकाम्या होल्स्टरमध्ये लाकडी नमुना घालून पंपाच्या आवारात फेरी मारा आणि मागून कोणाला तरी पाहायला सांगा.